वेदना आणि विद्रोह यांच्या मधले पान

गेल्या काही वर्षांत महाविद्यालयांच्या सूचनाफलकांवर एक नवा शब्द आला आहे : विद्यार्थ्यांचे मानसिक आरोग्य. त्यावर व्याख्याने होतात, सप्ताह साजरे होतात, परिपत्रके निघतात. शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत निदान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता असलाच पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ च्या निकालात बजावले. हे स्वागतार्ह आहे, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. प्रश्न वेगळा आहे. या नव्या शब्दाची भाषा कोणाची आहे? ती कोणाला उद्देशून बोलते? आणि ज्या दलित साहित्याने गेली पन्नास वर्षे माणसाच्या मनावरील जखमांची नोंद केली, त्या साहित्याला या विषयावर काही सांगायचे आहे की नाही?

मी साहित्याचा शिक्षक आहे, मानसशास्त्राचा नव्हे. भोसरीत वाढलो, याच औद्योगिक पट्ट्यातील मुलांना शिकवतो आणि दलित आत्मकथनांवर अधूनमधून लिहितो. तेव्हा जे म्हणायचे ते समीक्षेच्या अंगानेच म्हणणार आहे. सुरुवात मात्र स्वतःच्या चुकीपासून करतो. ती चूक माझ्या एकट्याची नाही, आपल्या समीक्षेचीही आहे असे मला वाटते.

२२ मे २०१९ रोजी मुंबईत डॉ. पायल तडवी यांनी आपले जीवन संपवले. जळगावच्या तडवी भिल्ल समाजातली ही मुलगी नायर रुग्णालयात स्त्रीरोगशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेत होती. जातीवरून छळ केल्याचा आरोप ठेवून पोलिसांनी तीन वरिष्ठ महिला डॉक्टरांना अटक केली. त्यानंतरच्या आठवड्यात आमच्या वस्तीतल्या विहारात शोकसभा झाली. मी बोललो. आवेशाने बोललो. एकलव्य, शंबूक, मनुस्मृती, सगळे आले. टाळ्या पडल्या. सभा संपल्यावर एक विद्यार्थी चपला शोधण्याच्या निमित्ताने मागे रेंगाळला. वडील एमआयडीसीत प्रेसवर हेल्पर, आई चार घरची धुणीभांडी करणारी, कुटुंब लातूरकडचे. विज्ञानाच्या दुसऱ्या वर्षाला होता. म्हणाला, "सर, झोपच येईना झालीय. वर्गात बसलं की छातीत धडधड होतंय. पुस्तक उघडलं तरी अक्षर दिसंना."

मी काय म्हणालो? मी म्हणालो, "अरे, बाबासाहेबांनी काय कमी सोसलं? रस्त्यावरच्या दिव्याखाली बसून शिकलेल्यांची आपण लेकरं. एप्रिलमध्ये तू अठरा तास अभ्यासाला बसला होतास ना? मग?"

तो "हो सर" म्हणाला आणि गेला. त्या वर्षी त्याने परीक्षेचा अर्ज भरला नाही.

आंबेडकर जयंतीच्या सुमारास सलग अठरा तास अभ्यासाचा उपक्रम महाराष्ट्रात गावोगाव होतो. त्याविषयी मला आदर आहे. मी स्वतः मुलांना बसवले आहे. मिरवणुकीच्या गाण्यांपेक्षा पुस्तकासमोर बसून केलेले अभिवादन केव्हाही मोठे. पण ज्याची झोप उडाली आहे त्याला अठरा तासांचे उदाहरण देणे म्हणजे काय? त्याच्या दुखण्याला मी त्याची कसूर ठरवले. त्याला दोन ओझी होतीच, अभ्यासाचे आणि जातीचे. मी तिसरे टाकले, बाबासाहेबांचे.

हे वाक्य माझ्या तोंडी आले कोठून, याचा पुढे मी पुष्कळ विचार केला. ते आपल्या समीक्षेतून आले. दलित साहित्याची समीक्षा वेदना, नकार आणि विद्रोह या तीन शब्दांवर उभी राहिली. प्रस्थापित सौंदर्यशास्त्राला धक्का देण्यासाठी ते शब्द आवश्यकच होते. पण हळूहळू त्यांचा एक जिना झाला. पहिल्या पायरीवर वेदना, दुसरीवर नकार, तिसरीवर विद्रोह. समीक्षक पुस्तक हातात घेई आणि नायक तिसऱ्या पायरीवर पोहोचला की नाही ते पाही. पोहोचला तर पुस्तक थोर, न पोहोचला तर जाणीव अपुरी. मीही असेच लिहिले. परंतु माणूस वेदनेतून थेट विद्रोहात जात नाही. मध्ये एक मोठा काळ असतो. त्यात तो खचतो, लाजतो, गप्प होतो, स्वतःचाच राग करतो, रात्र रात्र जागतो. काही जण त्यातून बाहेर येतात, काही येत नाहीत. या काळाला आपल्या समीक्षेत नाव नाही. आत्मकथनांत मात्र त्याची पानेच्या पाने आहेत. ती आपण उलटून पुढे गेलो.

पुन्हा वाचताना मला ती पाने दिसली. दया पवारांचे 'बलुतं' १९७८ साली आले. त्याच्या रचनेविषयी पुष्कळ लिहिले गेले : दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवारला सांगतो. व्यक्तिमत्त्व दुभंगले, असे समीक्षकांनी म्हटले, आणि ते खरेच आहे. पण आज शिक्षक म्हणून वाचताना मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. शिकून कारकून झालेल्या, कवी म्हणून नाव मिळालेल्या या माणसाला आपले ऐकणारे दुसरे कोणी मिळाले नाही. पांढरपेशा सहकाऱ्याला सांगावे तर तो कीव करणार, वस्तीत सांगावे तर 'तू तर सुटलास' म्हणणार. तेव्हा त्याने स्वतःचेच दोन भाग केले. एकाने सांगावे, दुसऱ्याने ऐकावे. 'बलुतं'ची रचना ही श्रोत्याच्या अभावातून निघाली आहे, असे माझे मत आहे.

कुमुद पावडे यांचे 'अंतःस्फोट' १९८१ चे. त्यातील संस्कृतची कहाणी सर्वांना ठाऊक आहे. नागपूरच्या शाळेत गोखले गुरुजींनी जात न पाहता संस्कृत शिकवले, आणि पुढे विद्यापीठात त्याच भाषेच्या दारात तुच्छता वाट्याला आली. एम.ए. उत्तम रीतीने होऊनही नोकरी मिळेना. मिळाली ती आंतरजातीय विवाहानंतर, सोमकुवरच्या पावडे झाल्यावर. समीक्षेने यातला व्यवस्थेवरचा प्रहार टिपला. पण नोकरी मिळाल्यावरही त्या बाईंच्या मनात जो सल राहतो, तो मला अधिक महत्त्वाचा वाटतो. यश माझे की नवऱ्याच्या आडनावाचे? ज्या मुलीने पाठांतर करून, घोकून, सगळ्यांना मागे टाकून पदवी मिळवली तिला स्वतःच्या यशाविषयीही खात्री वाटू दिली जात नाही. राखीव जागेवर आलेल्या प्रत्येक मुलाला हा प्रश्न आज विचारला जातो. बाहेरून विचारणारे थकले की तो आतून विचारला जातो.

शरणकुमार लिंबाळे यांच्या 'अक्करमाशी'त (१९८४) शाळेच्या दप्तरात बापाचे नाव काय लिहावे, इथूनच शिक्षणाची सुरुवात होते. किशोर शांताबाई काळे यांच्या 'कोल्हाट्याचं पोर'मध्ये (१९९४) तमाशात नाचणाऱ्या आईचा मुलगा वैद्यकीय शिक्षणापर्यंत पोहोचतो. आपण या पुस्तकांच्या शेवटाकडे बोट दाखवून विद्यार्थ्यांना सांगतो, पहा, तो डॉक्टर झाला. पण डॉक्टर होईपर्यंत त्याने आपण कोण, कोठले, हे किती वेळा गिळले, ते सांगत नाही. विद्यार्थ्याला शेवट नको असतो. तो मधल्या पानावर असतो.

आणि बाबासाहेबांचे काय? ज्यांचे नाव घेऊन मी त्या मुलाला गप्प केले, त्यांनी स्वतः काय लिहून ठेवले आहे? 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत बडोद्याचा प्रसंग आहे. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९९० मध्ये त्यांची पुस्तिका काढली. १९१७ साली कोलंबिया आणि लंडनहून शिकून आलेला सव्वीस वर्षांचा तरुण संस्थानच्या नोकरीवर हजर होतो. राहायला जागा मिळत नाही. पारशी धर्मशाळेतून लाठ्या घेतलेले लोक त्याला बाहेर काढतात. हिंदू मित्र आणि ख्रिस्ती मित्र, दोघेही आपापल्या कारणाने दार उघडत नाहीत. मुंबईची गाडी रात्रीची. तोवर तो कामाठी बागेत बसून राहतो, मन कधी सुन्न, कधी दुःखाने भरलेले. आणि कित्येक वर्षांनी ही आठवण लिहिताना आपले डोळे आजही भरून येतात, हे त्यांनी लपवलेले नाही. मी हा प्रसंग भाषणात किती वेळा सांगितला असेल! पण दर वेळी बागेतून उठून थेट महाडच्या तळ्यावर गेलो. त्या बाकावरचे तास मी कधी मोजलेच नाहीत. बाबासाहेबांनी मात्र ते मोजून लिहून ठेवले. महामानवाला रडू आले होते, हे एखाद्या एकोणीस वर्षांच्या मुलाला कळणे हाच त्याला केवढा आधार झाला असता.

मधली पाने उलटण्याची ही सवय आपली पुढेही गेली नाही. १७ जानेवारी २०१६ रोजी हैदराबाद विद्यापीठात रोहित वेमुला गेला. त्याचे पत्र देशभर वाचले गेले, भाषांतरित झाले, भिंतींवर लागले. तारे, विज्ञान, माणसाची किंमत याविषयी त्यात जे आहे तेच सर्वांनी उचलले. त्याच पत्राच्या शेवटाकडे एक हिशेब आहे : सात महिन्यांचे विद्यावेतन येणे आहे, ते घरच्यांना मिळेल असे पहावे, एका मित्राचे पैसे द्यायचे राहिले आहेत. पत्रातील हा भाग कोणी फलकावर लिहिला नाही. पण समीक्षक म्हणून मला विचाराल तर संपूर्ण पत्राचा अर्थ त्या हिशेबाशिवाय लागत नाही. ताऱ्यांकडे पाहणाऱ्या मुलाची सात महिन्यांची खानावळ कोणी भरली, हा प्रश्न मानसिक आरोग्याचा आहे की नाही?

येथे समुपदेशनाच्या नव्या भाषेकडे वळतो. तिच्यातील एक शब्द वारंवार येतो : लवचिकता. ताणाला तोंड देण्याची ताकद. आमच्या आज्या त्याला सोशिकपणा म्हणत, आणि तो आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या नको इतका आहे. ही भाषा विद्यार्थ्याला विचारते, तुझ्या मनात काय चालले आहे? तुझ्याशी कोण कसे वागते, हे ती सहसा विचारत नाही. प्रवेशयादीतील गुण पाहून वर्गमित्राने काय म्हटले, तोंडी परीक्षेत आडनाव ऐकल्यावर आवाज कसा बदलला, खोलीतला सोबती एकाएकी दुसऱ्या खोलीत का गेला, हे प्रश्न अर्जात नसतात. दुःख मनात असते हे खरे, पण ते मनात उगवलेले नसते.

आकड्यांचीही हीच गोष्ट. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या आणि राज्यांमध्ये महाराष्ट्र पहिला होता : १,७६४. प्रसिद्ध होणाऱ्या या तक्त्यांत वय आहे, शिक्षण आहे, जातीचा रकाना नाही. डिसेंबर २०२१ मध्ये लोकसभेत उत्तर द्यावे लागले तेव्हा कळले की २०१४ ते २०२१ या काळात केंद्राच्या उच्च शिक्षणसंस्थांत आत्महत्या केलेल्या १२२ विद्यार्थ्यांपैकी २४ अनुसूचित जातींचे, ३ अनुसूचित जमातींचे आणि ४१ इतर मागासवर्गीय होते. प्रत्येक मृत्यूचे कारण जातच होती, असे मी म्हणत नाही. तसे म्हणणे त्या मुलांवर अन्याय करणारे होईल. माणूस एका कारणाने खचत नाही. परंतु जे मोजलेच जात नाही त्याच्यावर उपचार कसला?

मोजण्याचा एक प्रयत्न झाला होता, आणि तो आपल्याच माणसाने केला. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील जातिभेदाच्या तक्रारींची चौकशी करणारी समिती २००६ मध्ये नेमली गेली, तिचे अध्यक्ष सुखदेव थोरात होते. औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयाचे ते विद्यार्थी. समितीने २००७ च्या अहवालात वसतिगृहाचे मजले, जेवणघर, खेळ, तोंडी परीक्षा असे एकेक ठिकाण तपासले. त्यात मनाच्या दुबळेपणाची चर्चा नाही. खोली कोणाशेजारी मिळते, ताटाशेजारी कोण बसते, याची आहे. मी त्या अहवालाला मानसिक आरोग्यावरचा एक महत्त्वाचा दस्तऐवज मानतो. पुढे २०१२ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने समतेचे विनियम केले. संस्थेत समान संधी कक्ष आणि भेदभावविरोधी अधिकारी असावा असे त्यांत म्हटले. ते नीट पाळले जात नाहीत म्हणून राधिका वेमुला आणि आबेदा तडवी या दोन आया २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेल्या. नवे विनियम जानेवारी २०२६ मध्ये निघाले, आणि त्याच महिन्यात न्यायालयाने त्यांना स्थगिती देऊन २०१२ चेच चालू ठेवले. मुले गेल्यावर आयांनी नियमांसाठी कोर्टाच्या पायऱ्या चढाव्यात, आणि नियम असे लोंबकळत राहावेत, ही आपल्या विद्यापीठीय जीवनाची अवस्था आहे.

आमच्या भोसरीकडे पहा. या पट्ट्यात कारखान्यांची सुट्टी गुरुवारी असते, महाविद्यालयाची रविवारी. बाप आणि मुलगा एकमेकांना जागेपणी भेटतात ते रात्रपाळीच्या आधी तासभर. दहा बाय दहाच्या खोलीत बाप दिवसा झोपलेला, म्हणून मुलगा चौकात उभा. बाहेरगावचा असेल तर कॉट बेसिसवर. एका खाटेवर दिवसपाळीवाला आणि रात्रपाळीवाला आळीपाळीने. त्यात पुस्तकाला जागा नाही. शासकीय वसतिगृहात ज्यांना प्रवेश मिळत नाही अशा अनुसूचित जातींच्या मुलांसाठी स्वाधार योजना २०१६-१७ पासून आहे. पुण्या-मुंबईसारख्या शहरांसाठी वर्षाला ६०,००० रुपये ठरले. महिन्याला पाच हजार. त्यात खोली, खानावळ आणि बसभाडे बसवून पहावे. हप्ता वेळेवर आला नाही तर मुलगा चाकणला कंत्राटी पाळीवर जातो. पहिल्या वर्षी सुट्टीत जातो, दुसऱ्या वर्षी आठवड्यातून तीन दिवस, तिसऱ्या वर्षी तो कामगारच असतो. मधल्या काळात त्याची झोप उडते, हजेरी घसरते, आणि मग कोणी तरी त्याला लवचिकतेवरच्या व्याख्यानाला बसवते.

आपल्या पूर्वसूरींना मानसिक आरोग्य हा शब्द ठाऊक नव्हता, गोष्ट ठाऊक होती. शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९०१ पासून वसतिगृहे उभारली, १९०८ मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघाले. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांना एका पंगतीत बसवले. आधी छप्पर, ताट आणि सोबती, मग पुस्तक. बाबासाहेबांनी १९५० मध्ये औरंगाबादला महाविद्यालय काढले. त्याला पुढे मिलिंद हे नाव मिळाले आणि परिसराला नागसेनवन. मिलिंद हा प्रश्न विचारणारा राजा, नागसेन हा उत्तर देणारा भिक्षू. महाविद्यालयाला प्रश्न विचारणाऱ्याचे नाव आहे, याकडे आपले पुरेसे लक्ष गेलेले नाही. विद्यार्थ्याने शंका काढावी, पुन्हा काढावी, आणि शिक्षकाने न रागावता शेवटपर्यंत ऐकावे, अशी ती कल्पना. मराठवाड्यातल्या खेड्यांतून आलेली पोरे तेथे एकत्र जेवली, भांडली, १९५५ मध्ये प्राचार्य म. भि. चिटणिसांचे 'युगयात्रा' नाटक उभे केले. 'आठवणींचे पक्षी'चे प्र. ई. सोनकांबळे हेही तेथलेच. भुकेची, पोरकेपणाची आठवण १९७९ मध्ये पुस्तक होऊन आली, यामागे लेखकाची प्रतिभा आहेच. पण 'माझेही असेच आहे' म्हणणाऱ्या पोरांच्या सहवासाचाही त्यात वाटा असला पाहिजे. एकट्याची लाज चौघांत सांगितली की ती लाज राहत नाही. विद्रोह तेथून सुरू होतो.

म्हणून समुपदेशक नकोत, असा माझ्या म्हणण्याचा अर्थ कोणी काढू नये. झोप उडणे, भूक मरणे, जगणे नकोसे वाटणे हे दुखणे असू शकते आणि त्याला डॉक्टर लागतो, औषधही लागते. त्यात लाज नाही. ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या टेलिमानसच्या क्रमांकावर मराठीतूनही बोलता येते. तो प्रत्येक विहाराच्या फळ्यावर लिहिलेला असावा. आपल्या कार्यकर्त्यांनीही 'हे श्रीमंतांचे चोचले' म्हणणे सोडले पाहिजे. परंतु समुपदेशकाला जातीचे वास्तव शिकवले पाहिजे, आणि त्याच्या अभ्यासक्रमात 'बलुतं' आणि 'अंतःस्फोट' असली पाहिजेत. शिष्यवृत्ती, खोली आणि जेवण यांचा विलंब हा मानसिक आरोग्याचा प्रश्न म्हणून नोंदला गेला पाहिजे. आणि तक्रार करणाऱ्या मुलाला ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याच्याच हाती अंतर्गत गुण देण्याची सत्ता राहता कामा नये. एवढे तरी विद्यार्थी संघटनांनी मागावे.

आपल्या समीक्षेकडून माझी मागणी याहून लहान आहे. पुढचे आत्मकथन हाती येईल तेव्हा नायक विद्रोहापर्यंत पोहोचला का, हे जरूर पहावे. पण तो जेथे खचला त्या पानावर थांबावे. त्याला कमी लेखू नये. ते पान आज आपल्या वर्गातल्या कोणी तरी जगत आहे.

२०२३ मध्ये तो मुलगा मला पीएमटी चौकात भेटला. चाकणच्या बसची वाट पाहत होता, अंगावर कंपनीचा शर्ट. मी माफी मागण्याचा प्रयत्न केला. त्याने मला अडवले. म्हणाला, "तुम्ही काय खोटं बोलला नव्हतात सर. बाबासाहेबांनी सोसलंच की. पण त्या दिवशी मला माझं सांगायचं होतं."

बस आली, तो चढला. आता दर गुरुवारी संध्याकाळी विहारात आम्ही सात-आठ जण बसतो. कारखान्यांना सुट्टी असते म्हणून गुरुवार. कधी एखादे पुस्तक वाचतो, कधी नुसते बोलतो. मी भाषण करीत नाही. दोन बाप येतात, एक आई येते. त्या मुलालाही निरोप दिला आहे. अजून तो आलेला नाही.